मुसाफिरखाना, खोली आणि टॉवर : भेंडीबाजारच्या इमारतींची कहाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तख्त आणि सनावळ्या उभ्या राहतात. मोहल्ल्यालाही इतिहास असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या जिन्यावरून आपल्या तीन पिढ्या चढल्या-उतरल्या, त्या जिन्याचा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना ताजमहाल कोणी बांधला हे ठाऊक असते, पण आपण राहतो ती इमारत कोणी, कधी आणि कशासाठी बांधली, हे विचारले की वर्ग गप्प होतो. आणि आता तर त्या इमारतीच राहणार नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईचा जो भाग आपण ढोबळपणे भेंडीबाजार म्हणतो, तो डोंगरी, पायधुनी, नळबाजार, नागपाडा आणि मदनपुऱ्यापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या वस्तीचा भाग आहे. नावाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. कोणी म्हणतात, येथे भेंडीची झाडे होती. कोणी म्हणतात, क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून इंग्रज 'बिहाइंड द बाजार' म्हणत आणि त्याचाच अपभ्रंश झाला. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. दुसरी गोष्ट ऐकायला गमतीची आहे, झाडांची अधिक पटणारी. नावाचा वाद बाजूला ठेवू. आम्हांला बोलायचे आहे ते इमारतींबद्दल, आणि त्यातही त्यांच्या वापराबद्दल. इमारत ही विटा-लाकडाची असते, पण तिला अर्थ येतो तो तिच्या वापराने. भिंती त्याच राहतात आणि वापर बदलत जातो. कधी वापर चालू असतो आणि भिंतीच कोसळतात. भेंडीबाजारने या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत.

आगीनंतरची मुंबई

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. कोटाच्या आत दाटीने राहणाऱ्या देशी व्यापाऱ्यांची घरे आणि गोदामे त्यात जळाली. त्यानंतर सरकारने कोटाबाहेर, मैदानाच्या पलीकडे उत्तरेला देशी वस्ती वाढू दिली. त्याच सुमारास, १८०२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद बांधून पूर्ण झाली होती. ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. खाली पाणी आणि वर नमाजाची जागा. तलावाचा वापर बदलला, पण पाणी मोडीत निघाले नाही. ते वुजूच्या कामी आले. पुनर्विकास हा शब्द तेव्हा नव्हता, पण जुन्याला न मारता त्यावर नवे कसे उभारावे, याचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. १८६४ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. गिरण्या आल्या, गोदी आली, रेल्वे आली. कच्छ-काठियावाडहून मेमन, खोजा, बोहरा व्यापारी आले. उत्तरेतून मोमीन विणकर आले आणि मदनपुऱ्यात वसले. कोकणातून आपले लोक बोटींवर खलाशी म्हणून, गोदीत कामगार म्हणून आले. इतक्या माणसांना छप्पर हवे होते. मग तळमजल्यावर दुकान, वर पोटमाळा, त्याच्यावर तीन-चार मजले खोल्या, लाकडी खांब, लाकडी जिना, सामाईक मोरी आणि मजल्याच्या टोकाला संडास, अशा इमारती उभ्या राहू लागल्या. आज ज्यांना आपण 'जुनी बिल्डिंग' म्हणतो, त्यांचा साचा हाच.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला. सरकारला तेव्हा प्रथमच दिसले की या खोल्यांत ना उजेड आहे, ना वारा. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्ती कापून काढण्यात आले. नागपाड्यासारख्या भागात जुनी घरे पाडून नवी आखणी झाली. शहराला हवा मिळाली हे खरे. पण घरे पाडली जाण्याचा वेग आणि नवी बांधली जाण्याचा वेग यांत अंतर राहिले, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीतल्या खोल्यांत आणखी दाटीने शिरली. ट्रस्टचा कारभार १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा गिरवला गेला.

मुसाफिरखान्याचे दिवस

भेंडीबाजारच्या इतिहासात मुसाफिरखान्याला वेगळेच स्थान आहे. आगबोटी आल्या आणि मुंबई हे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे मोठे बंदर झाले. बंगाल, बिहार, पंजाब, दख्खन, अगदी मध्य आशियापर्यंतचे हाजी मुंबईत येत. बोट कधी सुटेल याचा भरवसा नसे. दिवसचे दिवस, कधी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. एवढे दिवस या परक्या शहरात राहायचे कुठे? या प्रश्नातून मुसाफिरखाने उभे राहिले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. व्यापारात कमावलेला पैसा वाटसरूंच्या निवाऱ्यासाठी लावणारे दानशूर आपल्या समाजात होते, याची ती साक्ष आहे.

मुसाफिरखान्यांभोवती एक बाजार उभा राहिला. एहरामचे कापड, पाण्याची भांडी, पत्र्याच्या पेट्या, तसबीह, अत्तर, टोप्या, वाटेत टिकणारे खाणे. हाजींना फसवणारे दलालही आले. १८८६ मध्ये इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाचे काम थॉमस कुक या कंपनीकडे सोपवले, ते काही वर्षे चालले. १९३२ मध्ये कायदा करून बंदरांवर हज कमिट्या नेमण्यात आल्या. मोगल लाइनच्या बोटी मुंबईहून जेद्दाहला जात. ज्यांनी हे दिवस पाहिले ते बुजुर्ग सांगतात की एका हाजीला निरोप द्यायला अर्धे गाव येई, आणि त्या अर्ध्या गावाची सोय कुठल्या तरी ओळखीच्या खोलीत होई.

मग विमाने आली. समुद्रमार्गे हजयात्रा १९९५ मध्ये बंद झाली. ज्या कामासाठी मुसाफिरखाने बांधले ते कामच संपले. आज मुंबईकर 'मुसाफिरखान्यात जाऊन येतो' म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला परदेशी अत्तरे आणि विजेच्या वस्तू घ्यायच्या असतात. नाव इमारतीचे होते, ते बाजाराला चिकटले. हाजींसाठीची सोय बोरीबंदर स्थानकाजवळच्या उंच हज हाउसमध्ये गेली. त्या हज हाउसचाही वापर एकच राहिला नाही. तेथे काही वर्षे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी वर्ग चालले. हजचा मोसम काही महिन्यांचा असतो, इमारत मात्र बारा महिने उभी असते. तिचा उरलेल्या दिवसांत काय उपयोग करायचा, हा प्रश्न विचारणारा समाज जिवंत आहे असे आम्ही समजतो.

करोनाच्या काळात तर हे अधिक स्पष्ट दिसले. २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसमधील मशिदीचा हॉल विलगीकरणासाठी देण्यात आला. त्याच वर्षी भिवंडीत एका मशिदीत मोफत ऑक्सिजनची सोय करण्यात आली. इमारत तीच, गरज वेगळी, आणि गरजेपुढे इमारतीने दार उघडले.

एका खोलीची अनेक रूपे

आता खोलीकडे वळू. शंभर-दीडशे चौरस फुटांची खोली सरकारी कागदावर 'निवासी' म्हणून नोंदलेली असते. पण तिने आयुष्यभर केवळ निवासाचेच काम केले असे एक तरी उदाहरण सापडेल काय?

सकाळी ती कारखाना असते. बायका जरीचे, मण्यांचे काम करतात, कुठे टोप्या शिवल्या जातात. दुपारी ती मकतब होते, शेजारची मुले कायदा आणि सिपारा घेऊन बसतात. संध्याकाळी ती ट्यूशन क्लास असते. रात्री अंथरुणे पसरली की ती घर होते. पाहुणा आला की पुरुष मंडळी गॅलरीत झोपतात आणि खोली जनानखाना होते. मयत झाली की मजल्यावरच्या सगळ्या खोल्या एक होतात.

कोकणी वाचकांना गावच्या जमातीची खोली सांगायला नको. रत्नागिरी-रायगडच्या गावांनी मुंबईत खोल्या घेऊन ठेवल्या. बोटीवर चढण्याआधी आणि बोटीवरून उतरल्यावर खलाशी तेथे मुक्काम करी. भिंतीला ओळीने ट्रंका, खुंट्यांवर कपडे, आणि प्रत्येकाची अंथरुणापुरती जागा. नोकरीची खबर, गावाकडचे पत्र, लग्नाची बोलणी, मशिदीच्या डागडुजीची वर्गणी, सगळे त्याच खोलीत. धोबीतलावच्या गोवेकर ख्रिस्ती खलाशांच्या 'कुडां'चीही हीच रीत होती. खोली कोणा एकाची नव्हती, ती गावाची होती.

कलाही याच खोल्यांत वाढली. १८९० च्या आसपास मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ या भागात राहिले आणि त्यांच्या गायकीला 'भेंडीबाजार घराणे' हे नाव मिळाले. अंजनीबाई मालपेकरांसारख्या गायिका त्यांच्याकडे शिकल्या. छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी काही काळ तालीम घेतली. हिंदुस्थानी संगीताच्या घराण्यांना ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी दरबारी शहरांची नावे आहेत. एका बाजाराचे नाव मिरवणारे घराणे विरळाच!

भाडे गोठले, इमारत थकली

मग या इमारती मोडकळीस का आल्या? सगळा दोष घरमालकांवर किंवा सगळा भाडेकरूंवर टाकणे सोपे आहे. खरे कारण कायद्यात आणि अर्थकारणात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची चणचण झाली. भाडी भडकू नयेत म्हणून १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच मानक धरले गेले. गरिबाला त्याने मोठाच आधार दिला. हा कायदा नसता तर आपल्यापैकी कितीजणांचे वडील-आजोबा या शहरात टिकले असते? परंतु भाडे गोठले तरी विटा, चुना आणि मजुरी यांचे भाव गोठत नाहीत. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे घेणारा मालक लाकडी तुळई बदलून देईना. मग पागडी आली. भाडेकरूने मोठी रक्कम देऊन खोली घ्यायची, सोडताना नव्या भाडेकरूकडून रक्कम घ्यायची आणि त्यातला वाटा मालकाला द्यायचा. दोन्ही बाजूंना सोयीचा, पण कायद्याला अमान्य असा हा व्यवहार अर्धशतक चालला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली.

पावसाळा आला की इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची. त्या वेळी शहरातल्या १९,६४२ इमारती या योजनेखाली आल्या. १९७७ मध्ये हे काम म्हाडाकडे गेले. टेकू लागले, लोखंडी गर्डर आले, गिलावा झाला. काही इमारतींचे आयुष्य वाढले, काहींना टेकू हेच कायमचे दागिने झाले.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीच्या टांडेल स्ट्रीटवर आणखी एक इमारत पडली. जुन्या इमारतीच्या प्रेमात पडून लिहिणाऱ्यांनी ही नोंद आधी वाचावी. ज्या भिंतीखाली मुले चिरडतात, तिला वारसा म्हणून कवटाळता येत नाही. या खोल्या पाडून नव्या बांधायला हव्यात, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र पाडण्याआधी मोजणी कशाची झाली, हे विचारायला हवे.

मोजले काय, राहिले काय?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ३३(७) आले. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्बांधणीत प्रत्येक भाडेकरूला किमान २२५ चौरस फुटांची जागा मोफत, आणि विकासकाला विक्रीसाठी जादा चटई क्षेत्र. किमान जागा पुढे ३०० चौरस फुटांवर गेली. एकेक इमारत वेगवेगळी बांधली तर गल्ली तशीच अरुंद राहते, म्हणून ३३(९) खाली समूह पुनर्विकास आला. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण भेंडीबाजारातच आहे. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि सुमारे १,२५० दुकाने, असा या योजनेचा आवाका सांगितला गेला. एखाद्या खाजगी विकासकाच्या नफ्यासाठी नव्हे तर समाजाच्या विश्वस्त संस्थेने हाती घेतलेले काम, म्हणून त्याकडे देशभर पाहिले गेले. पहिले टॉवर उभे राहिले असून काही कुटुंबे नव्या घरांत परतली आहेत. स्वतःचा संडास, उद्वाहक, उजेड, आणि मालकी हक्क. ज्यांनी बादली घेऊन रांगेत आयुष्य काढले, त्यांनाच याची किंमत कळेल.

तरीही आम्हांला एक गोष्ट खटकते, आणि ती कोणा एका योजनेबद्दल नाही. शहरातल्या कोणत्याही पुनर्विकासात दोन गोष्टी मोजल्या जातात, चौरस फूट आणि पात्र भाडेकरू. वापर मोजला जात नाही. खोलीतले मकतब कोणत्या रकान्यात लिहायचे? जरीकाम करणाऱ्या चार बायकांचा तो कारखाना होता, त्याची पात्रता कोणाच्या नावावर? गॅलरी हा मजल्याचा दिवाणखाना होता, तिच्या बदल्यात कोणाला किती फूट मिळतात? जमातीच्या खोलीची पावती शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा मुतवल्लीच्या नावावर असेल तर तिचा वारस कोण? जिन्याखाली बसणारा कलईवाला, टोपीवाला कोणत्याच यादीत नसतो.

दुसरा प्रश्न मधल्या काळाचा. इमारत रिकामी झाली की माणसे संक्रमण शिबिरात जातात. काहींना ते जवळ मिळते, काहींना दूर. कुटुंब दोन-तीन वर्षांसाठी म्हणून निघते आणि मुलाचा दहावीचा निकाल तेथेच लागतो. आम्ही हे हजेरीपटावर पाहिले आहे. वर्षाच्या सुरुवातीला पंचेचाळीस नावे असतात, दिवाळीपर्यंत काहींचे दाखले निघतात. पत्ता बदलतो, मुंब्रा, कुर्ला, मीरा रोड. नव्या ठिकाणी उर्दू शाळा जवळ असेलच असे नाही. मुलाला कोणी इंग्रजी माध्यमात घालते, मुलीला कोणी घरीच बसवते. घर मोठे झाले आणि मुलीची शाळा सुटली, तर त्या घराचा हिशेब नफ्याचा की तोट्याचा?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर भीतीपोटी अनेक कुटुंबे मुंब्र्याकडे गेली होती. तेथे घाईने, परवानगीवाचून इमारती चढल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळच्या शीळ येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले. जुन्या इमारतीत जुनेपणाचा धोका आणि नव्यात लबाडीचा धोका, अशा कात्रीत गरीब माणूस सापडतो.

वक्फचा धडा

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. वक्फ म्हणजे काय? मालमत्ता अडकवून ठेवायची आणि तिचा फायदा लोकांना द्यायचा. वाकिफने जो मकसद ठरवला तो पाळणे बंधनकारक. पण वास्तू निकामी झाली तर? हनफी फकिहांनी 'इस्तिब्दाल'ची, म्हणजे बदल्यात दुसरी मालमत्ता घेण्याची मुभा ठराविक अटींवर दिली. मुख्य अट अशी की फायदा घटता कामा नये आणि मकसद सुटता कामा नये. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर एके काळी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. आज ती पाहायला पर्यटक येतात आणि त्याच आवारात राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. वापर बदलला तरी वास्तू लोकांचीच राहिली.

भेंडीबाजारच्या भाड्याच्या खोल्या म्हणजे वक्फ नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण कसोटी म्हणून हा विचार वापरायला काय हरकत आहे? जुनी इमारत पाडून नवी बांधताना विचारावे, जुन्या वास्तूचा जो फायदा माणसांना होत होता, तो नव्या वास्तूत उतरला काय? प्रत्येक टॉवरमध्ये मकतब व अभ्यासिकेसाठी एक सामाईक खोली, बायकांच्या कामासाठी एक जागा, वाटसरू नातेवाइकासाठी एक निवारा, एवढे मागणे फार नाही. चारचाकी गाड्यांसाठी मजलेच्या मजले राखून ठेवले जातात, त्यातल्या एका कोपऱ्याची ही मागणी आहे. ती सोसायटीच्या पहिल्या सभेत करावी लागेल. ताबा मिळाल्यावर केलेल्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

आणि एक काम असे आहे की त्यासाठी ना विकासक लागतो ना म्हाडा. आम्ही नववीच्या मुलांना आपल्या इमारतीची माहिती लिहून आणायला सांगितले. मुलांनी घरातल्या ट्रंका उघडल्या. साडेसात रुपयांच्या भाडेपावत्या निघाल्या, आजोबांचे जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक निघाले, बोटीने हजला गेलेल्या दादीचा फोटो निघाला. एका मुलीने मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत आजवर काय काय चालले हे लिहिले. तिच्या एका मजल्यावर शिंपी, हकीम, मकतब, चहाच्या पुड्यांचे गोदाम आणि वधूवर जुळवणारी एक खाला होती. कोणत्याही सरकारी सर्वेक्षणात ही माहिती नाही.

वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. आपली इमारत रिकामी करण्याची नोटीस आली असेल तर सामान बांधण्याआधी चार कामे करा. भाडेपावत्यांच्या प्रती काढून ठेवा. जिना, गॅलरी आणि पाटी यांचे फोटो घ्या. मजल्यावरच्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून कोण कुठे राहत होते आणि काय करत होते, ते लिहून घ्या. आणि मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटणार नाही अशी तारीख लेखी मागून घ्या. पहिली तीन कामे इतिहासासाठी आहेत, चौथे त्या इतिहासाच्या पुढच्या पानासाठी.